कोलन वॉटरचा चहा

माझ्या आत्याचं नाक भलतं तिखट. लंडनहून आलेल्या चहाचा कप तिच्यापुढे ठेवला, तिनं तो सवयीनं बशीत ओतला, तोंडाजवळ नेला आणि बशी तशीच खाली ठेवत विचारलं, “अगं, कुणाला ताप आलाय का घरात? कोलन वॉटरचा वास येतोय.”

सगळे हसले. डब्यावर सोनेरी अक्षरांत ‘अर्ल ग्रे’ असं लिहिलेलं होतं, ते तिला दाखवून झालं. हा म्हणे इंग्लंडच्या एका पंतप्रधानाच्या नावाचा चहा आहे. आत्या ढिम्म. “पंतप्रधानाचा असो नाहीतर लाटसाहेबाचा, वास कोलन वॉटरचाच.”

तिचं हे निदान रसायनशास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरतं. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ साली फारिना नावाच्या इटालियन कुटुंबाची पेढी सुरू झाली. त्यांच्यातल्या योहान मारिया फारिनानं जे सुगंधी पाणी बनवलं, त्याचा मुख्य गंध होता बर्गमॉट या फळाच्या सालीतल्या तेलाचा. पुढे जगभर निघालेल्या कोलन वॉटरच्या तऱ्हांमधूनही तो गंध राहिला. आणि अर्ल ग्रे म्हणजे काय, तर काळा चहा, म्हणजे आपली नेहमीची चहाची पत्ती, अधिक त्याच बर्गमॉटचं तेल. बाकी काही नाही. आपल्याकडे कोलन वॉटर कपाटातल्या बाटलीत असायचं आणि ताप चढला की त्याच्या पट्ट्या कपाळावर यायच्या. त्यामुळे एका पिढीच्या मराठी नाकाला या वासासरशी थर्मामीटर, साबुदाण्याची पेज आणि बुडालेली शाळा आठवते. लंडनच्या माणसाला त्याच वासानं दुपारचा फराळ आठवतो.

आत्यानं बशी सरकवली, पण माझं कुतूहल चाळवलं. या पंतप्रधानाचा आणि या चहाचा नेमका संबंध काय?

डब्याच्या पाठीमागे गोष्ट छापलेली असतेच. ती साधारण अशी : हे पंतप्रधान, म्हणजे दुसरे अर्ल (ही इंग्रज सरदारांची एक पदवी) चार्ल्स ग्रे, यांच्या एका माणसानं चीनमध्ये एका मोठ्या अधिकाऱ्याच्या मुलाला बुडताना वाचवलं. कृतज्ञ बापानं चहाच्या मिश्रणाची गुप्त कृती अर्लसाहेबांना भेट दिली. कुठे मुलगा बुडत असतो, कुठे चिनी वकील परत निघताना पेटी भेट देतो, कुठे नुसताच एक दूत कृती घेऊन येतो. जितके डबे, तितके पाठभेद. ट्वायनिंग्ज या इंग्रज चहा कंपनीच्या डब्यावर तर सहाव्या अर्लच्या सहीनिशी पूर्वजाची ही आख्यायिका छापली गेली होती. अडचण इतकीच, की चार्ल्स ग्रे चीनला कधी गेलेच नव्हते. शिवाय चीनमध्ये चहाला सुगंध द्यायची पद्धत फुलांची. ताज्या मोगऱ्याच्या कळ्या चहाच्या थरांमध्ये पसरायच्या, रात्रभर त्या उमलू द्यायच्या आणि मग फुलं काढून टाकायची. बर्गमॉट हे भूमध्य समुद्राकाठचं फळ. त्याच्या सालीचं तेल चहाला चोळायची कृती चिनी अधिकाऱ्याच्या घरात कुठून असणार?

दुसरी गोष्ट ग्रे घराण्याच्या हाऊइक हॉल या वाड्यातली आहे. इंग्लंडच्या अगदी उत्तरेला, नॉर्थम्बरलंडमध्ये. तिथल्या विहिरीचं पाणी चुनखडीचं, म्हणून त्या पाण्याला साजेसा चहा एका चिनी माणसानं बनवून दिला, लेडी ग्रे यांनी तो लंडनच्या पाहुण्यांना पाजला, पाहुण्यांनी विचारणा केली आणि तो बाजारात आला. ही मला जरा बरी वाटते, कारण पाण्याचा विचार करणारा माणूस चहा पिणारा असतो. पण हिच्यातही एक गाठ आहे. चुनखडीच्या पाण्यातल्या चहावर जी तेलकट साय धरते ती आंबट रसानं मोडते, लिंबू पिळलं की चहा लगेच निवळतो. बर्गमॉटच्या तेलात आंबटपणा नसतो, नुसता गंध असतो. म्हणजे पाण्याची चव झाकायला त्याचा उपयोग झाला असेल, पाणी सुधारायला नाही. ग्रे मंडळींनी नावाची नोंदणी कधी केली नाही आणि त्यांना त्याबद्दल एक पैसाही मिळाला नाही, हे मात्र हाऊइक हॉलवाले आजही हसतखेळत सांगतात.

तिसरा दावेदार म्हणजे लंडनच्या पिकॅडिलीतलं जॅक्सन्स हे दुकान. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे १८३० साली खुद्द अर्लसाहेबांनी त्यांच्या जॉर्ज चार्लटन या भागीदाराला कृती दिली. जॅक्सन्स पुढे ट्वायनिंग्जनंच विकत घेतलं, त्यामुळे वादी-प्रतिवादी एकाच घरात आले आणि भांडण मिटलं.

गोष्टी बाजूला ठेवून कागदपत्रं पाहिली की चित्र पालटतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या संपादकांनी ‘अर्ल ग्रे टी’ हा शब्दप्रयोग पहिल्यांदा कधी छापला गेला याचा काही वर्षांपूर्वी शोध घेतला, आणि लोकांनी जुन्या वर्तमानपत्रांची पानं उलटून त्यांना मदत केली. हाती आलं ते असं. चहाला बर्गमॉट लावण्याचे उल्लेख १८२४ पासून सापडतात, आणि ते हलक्या प्रतीचा चहा खपवण्यासाठी लावतात असा त्यांचा सूर आहे. १८३७ साली ब्रॉकसॉप अँड कंपनीवर यासाठी चक्क खटला झाला : तुम्ही इंग्लंडात बसून चहाला बर्गमॉटचा कृत्रिम वास लावला, असा आरोप. त्या वेळी अर्ल ग्रे हयात होते. खटल्यात त्यांचं नाव कुठेही नाही.

त्या काळच्या भेसळीची कल्पना आल्याशिवाय या खटल्याचं वजन कळत नाही. १८२० मध्ये फ्रेडरिक अॅकम या रसायनशास्त्रज्ञानं लंडनच्या बाजारातल्या भेसळीवर पुस्तक लिहून खळबळ उडवून दिली होती. त्यात चहाचीही लक्तरं निघाली होती. काटेरी झुडपांची पानं भाजून, वळून, तांब्याच्या विषारी हिरव्या रंगात घोळून हिरवा चहा म्हणून विकली जात. चहावर कर जबर, माल सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर येणार, मग दुकानदार हात मारणारच. त्या गर्दीत बर्गमॉट हा म्हटलं तर गरीब गुन्हेगार. त्यानं कुणाचं पोट बिघडलं नाही, शिळ्या मालावर त्यानं फक्त अत्तर शिंपडलं.

मग हे अत्तर अर्लसाहेबांच्या नावाला कधी चिकटलं? १८५२ मध्ये विल्यम ग्रे नावाचा एक चहाविक्रेता ‘ग्रेज टी’च्या यमक जुळवलेल्या जाहिराती देत होता. हा ग्रे वेगळा, साधा वाणी. १८६०च्या दशकात ‘ग्रे मिक्स्चर’ असं नाव दिसू लागतं. आणि १८८०च्या दशकात जर्मिन स्ट्रीटवरची चार्लटन अँड कंपनी ‘अर्ल ग्रे’ या पूर्ण नावानं चहा विकताना सापडते. चार्लटन! जॅक्सन्सच्या गोष्टीतल्या भागीदाराचं हेच आडनाव. मला यात योगायोग दिसत नाही. माझा अंदाज असा, की ग्रे नावाचा चहा आधीपासून खपत होता, आणि कुणा हुशार व्यापाऱ्यानं वाण्याला अर्लची पदवी बहाल केली. तोवर खऱ्या अर्लना जाऊन चार दशकं होत आली होती. हरकत घ्यायला कोण येणार?

खरे ग्रे मात्र माणूस म्हणून भारी होते. जन्म १७६४, मृत्यू १८४५, पंतप्रधान १८३० ते १८३४. एवढ्याशा कारकिर्दीत १८३२ चा संसदीय सुधारणा कायदा, त्यानं ओसाड गावांच्या नावावर खासदार पाठवायची चाल मोडली, आणि १८३३ चा ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामगिरीच्या निर्मूलनाचा कायदा. न्यूकॅसल शहराच्या मधोमध त्यांचा उंच स्तंभ आहे, वर पुतळा. १९४१ मध्ये वीज पडून पुतळ्याचं डोकं तुटलं, ते नंतर नवं बसवलं. स्तंभावरच्या लेखात सुधारणा कायद्याचं गुणगान आहे, चहाचं अवाक्षर नाही.

आणि तरीही त्यांचा चहाशी एक संबंध आहे, जो कुठल्याच डब्यावर छापत नाहीत. एमपीएससीचा अभ्यास केलेल्या कुणालाही १८३३ चा सनदी कायदा झोपेतून उठवून विचारा. बंगालचा गव्हर्नर जनरल भारताचा गव्हर्नर जनरल झाला, कायदा आयोग आला, हे घडाघडा येईल. त्याच कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीचा चीनबरोबरच्या व्यापाराचा मक्ता संपवला. म्हणजे तोवर इंग्लंडात येणारा चहा कायद्यानं एकट्या कंपनीचा होता, तो १८३४ पासून कुणालाही आणता येऊ लागला. हा कायदा ग्रे यांच्या सरकारनं केलेला. लगोलग, १८३४ मध्येच, गव्हर्नर जनरल बेंटिंकनं हिंदुस्थानात चहा पिकेल का हे पाहायला समिती नेमली. जानेवारी १८३९ मध्ये आसामच्या चहाच्या आठ पेट्या लंडनच्या लिलावात विकल्या गेल्या. आज आपल्या पातेल्यात रोज उकळतो त्या चहाच्या मुळाशी ग्रे सरकारचा हा कायदा आहे, आणि नाव मात्र त्यांचं लागलं ते सालीच्या तेलाला.

त्या सालीकडे वळू या, कारण या चहातला खरा ऐवज तिथे आहे.

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो, त्या बुटाच्या चवड्याला कॅलाब्रिया प्रांत आहे. तिथे रेज्जो शहराच्या दोन्ही अंगांना समुद्राकाठची एक चिंचोळी पट्टी आहे. जगातलं बहुतेक सगळं बर्गमॉट या पट्टीत पिकतं. फळ संत्र्याएवढं, हिरवं, पिकल्यावर लिंबासारखं पिवळं. रस आंबट आणि वर कडवट, कौतुकानं फोडून खावा असा नाही. जे काही आहे ते सालीच्या बारीक पिशव्यांत. नोव्हेंबरपासून तोडणी सुरू होते. सुरुवातीच्या हिरव्या फळांचं तेल हिरवट आणि तरतरीत, पुढच्या पिवळ्या फळांचं जास्त मवाळ. एक किलो तेलाला साधारण २०० किलो फळं लागतात.

पूर्वी हे तेल हातानं काढत. फळ आडवं कापायचं, धारदार पळीनं गर कोरून काढायचा, उरलेली सालीची वाटी समुद्रातल्या नैसर्गिक स्पंजवर दाबून फिरवायची. साल पिचकली की तेलाचे तुषार स्पंजात मुरतात. स्पंज भरला की तो मातीच्या भांड्यात पिळायचा, वर तरंगणारं तेल अलगद काढून घ्यायचं. १८४४ मध्ये निकोला बारिल्ला या रेज्जोच्याच माणसानं अख्खं फळ खरवडून तेल काढणारं यंत्र बनवलं. म्हणजे १८३७ च्या त्या खटल्यातलं तेल स्पंजानंच निघालेलं असणार. कॅलाब्रियातल्या कुणा मजुराच्या मनगटातला जोर लंडनच्या कोर्टात भेसळ म्हणून उभा राहिला.

भेसळीचं चक्र इथेही फिरलं आहे. बर्गमॉटचं तेल महाग, म्हणून विसाव्या शतकात कारखान्यात बनवलेली स्वस्त द्रव्यं त्यात मिसळली जाऊ लागली. ज्या पदार्थानं चहा बाटवल्याचा आरोप झाला, त्याच्याच शुद्धतेची तपासणी करावी लागली. रेज्जोमध्ये १९१८ पासून सुगंधी तेलांची प्रयोगशाळा आहे, आणि २००१ पासून ‘रेज्जो कॅलाब्रियाचं बर्गमॉट तेल’ हे युरोपीय संघाचं संरक्षित नाव आहे, आपल्या हापूसच्या भौगोलिक मानांकनाच्या जातीचं.

या फळाची वंशावळ मला सगळ्यात आवडते. जनुकांच्या अभ्यासातून असं दिसलं, की बर्गमॉट हे आंबट संत्रं आणि लिंबू यांचं अपत्य. ते लिंबू, म्हणजे युरोपातलं मोठं पिवळं, स्वतः आंबट संत्रं आणि महाळुंग यांचं. आंबट संत्रं हे पपनस आणि लहान सैल सालीच्या संत्र्याचं. पपनस आणि महाळुंग ही तर आपली घरची मंडळी. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या हातात महाळुंगाचं फळ आहे. नात्यानं पाहिलं तर बर्गमॉट हे त्या फळाचं नातवंड लागतं. आणि या सगळ्या कुळाचं मूळ गाव कोणतं? पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नान यांच्यामधला डोंगराळ मुलूख. चहाच्या झाडाचं मूळही त्याच टापूत सांगतात. एकाच रानातून निघालेली दोन कुळं, एक पश्चिमेला जाऊन इटलीच्या किनाऱ्यावर रुजलं, दुसरं चीनमार्गे जहाजात चढलं आणि दोघांची सोयरीक लंडनच्या एका लबाड दुकानदारानं जुळवली.

सोयरीक टिकली, कारण गुण जुळतात. बर्गमॉटच्या तेलात लिमोनिन असतं, ते सगळ्याच लिंबूवर्गीय सालींत असतं. पण त्याचा खास गंध लिनालूल आणि लिनालिल अॅसिटेट या दोन द्रव्यांचा. लिनालूल काळ्या चहाच्या पानात मुळातच असतं, चांगल्या दार्जिलिंगचा फुलासारखा वास बराचसा त्याचा. म्हणून बर्गमॉट चहावर उपरं वाटत नाही, चहाच्याच अंगातला एक सूर ते चढवून देतं. धन्याच्या तेलातही मुख्य भाग लिनालूलचाच, फक्त त्याची रचना आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी. हातावर धने चोळून वास घेतला तर तुम्हाला बर्गमॉटचा लांबचा भाऊ भेटेल. आपल्याकडचा गवती चहा मात्र वेगळ्या घराण्यातला. त्याचा वास सिट्रलचा, म्हणजे थेट लिंबाच्या सालीचा, उभा आणि धीट. दूध, साखर, आलं या सगळ्यांना तो पुरून उरतो. मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या गवती चहाच्या बेटातली दोन पाती तोडून चहात टाकणारी आपली माणसंही लिंबाच्या वासाचा चहाच पीत होती, त्याला लॉर्ड मिळाला नाही इतकंच.

डब्यातल्या घटकांविषयी थोडं. अर्ल ग्रे नावाला कायद्याची चौकट नाही, कुणीही काहीही विकू शकतं. ग्रेंच्या काळात लंडनचा जवळजवळ सगळा चहा चिनी होता. आता सिलोन, केनिया, आसाम, निलगिरी, काहीही असतं. ‘अस्सल जुन्या पद्धतीचा’ म्हणून कीमुन या चिनी काळ्या चहावर बनवलेला अर्ल ग्रे महाग विकतात. गंमत अशी, की कीमुनचा काळा चहा निघाला १८७५ मध्ये. अर्लसाहेब त्याच्या तीस वर्षं आधी गेलेले. तेलाचं तर विचारू नका. स्वस्त टी-बॅगमध्ये बहुधा कारखान्यातला गंध असतो आणि तो भांडी घासायच्या साबणाकडे झुकतो. वर निळ्या पाकळ्या घातल्या की फोटो छान येतो, चवीत त्यानं काही होत नाही. कंपन्यांनी जास्त शहाणपणा केला की गिऱ्हाईक भडकतंही : २०११ मध्ये ट्वायनिंग्जनं कृतीत लिंबाचा गंध वाढवला, तर लोकांनी इतका आरडाओरडा केला की जुनी कृती वेगळ्या डब्यात परत आणावी लागली. संत्र्या-लिंबाच्या सालीचा ‘लेडी ग्रे’ हा त्यांचाच, १९९०च्या दशकातला. त्याला दोनशे वर्षांचा इतिहास चिकटवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

हा चहा बाधतो का, असं विचारणारे भेटतात. बर्गमॉटच्या तेलात बर्गॅप्टिन असतं, ते अंगाला लागून वर ऊन पडलं की त्वचेवर काळे डाग पडतात. म्हणून अत्तरांसाठी ते काढून टाकलेलं तेल वापरतात. पिण्याच्या बाबतीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००२ मध्ये ऑस्ट्रियातल्या ४४ वर्षांच्या एका गृहस्थांची हकीकत आली होती. स्नायूंत गोळे येत, डोळ्यांपुढे धूसर होई. चौकशीअंती कळलं की ते दिवसाला चार लिटरपर्यंत अर्ल ग्रे पीत होते. तो थांबवल्यावर आठवड्याभरात त्रास गेला. पुढे साध्या काळ्या चहानं त्यांना काही झालं नाही, आणि अर्ल ग्रेही लिटरभरापर्यंत सोसला. आपण चार लिटर पिणार नाही, अशी आशा आहे.

करायचा कसा, ते सांगून थांबते. याला पातेल्यात उकळू नका. बर्गमॉटचं तेल वाफेबरोबर उडतं, मग स्वयंपाकघर दरवळतं आणि कपात नुसता काढा राहतो. पाणी उकळून खाली उतरवा, कपाला एक चमचा सुटी पत्ती, वर झाकण, तीन-चार मिनिटं, की गाळा. साखर चालेल. दूध घालायचं तर थंड आणि चमचाभर. यात आंबट रस नाही, नुसतं तेल असल्यामुळे दूध फाटत नाही, पण जास्त दुधात वास दबतो. आलं आणि वेलची यांना या वेळी सुट्टी. आणि डबा घट्ट झाकणाचा, मसाल्याच्या फळीपासून आणि रोजच्या चहापासून लांब ठेवा. नाहीतर चार दिवसांत घरातल्या साध्या भुकटीलाही वास लागतो आणि आत्या कुणाला ताप आलाय ते पुन्हा विचारत बसते.